वेल्सच्या जंगलातली दुर्लक्षित शिल्पवाट: माबिनोगीतली पात्रं ओळखत कसं चालायचं

वेल्सच्या जंगलांत लाकडी शिल्पांच्या वाटा बऱ्याच आहेत. साधारण दोन-तीन किलोमीटरची फेरी, मध्ये मध्ये चेनसॉने कोरलेलं एखादं पात्र, शेजारी माहितीचा फलक. विषय बहुधा माबिनोगी, म्हणजे वेल्श पुराणकथा. अशी वाट उभी करायला अनुदान मिळतं ते एकदाच. पुढची पंधरा वर्षं पूल, पायऱ्या आणि फलक कोणी बघायचे, याची तरतूद त्यात क्वचितच असते. मग घुबडाची चोच गळते, फलकावर शेवाळ चढतं, खुणेचा खांब ब्रॅम्बलच्या काट्यांत गडप होतो. तयारी न करता गेलात तर चिखल आणि कुजके ओंडके बघून परत याल. कार्डिफ, स्वान्सी, न्यूपोर्ट, बँगोरला शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आणि शनिवार-रविवारी कुठे जायचं हे शोधणाऱ्या मराठी मंडळींना ही वाट नीट बघता यावी, म्हणून हा लेख.

वाट ओस का पडते

ब्रिटनमधल्या शिल्पवाटांची सुरुवात कंब्रियातल्या ग्राइझडेल जंगलात 1977 साली झाली. वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या फॉरेस्ट ऑफ डीनमधली वाट 1986 ची. तिथली मागदालेना येतेलोव्हा यांची ओकची अवाढव्य खुर्ची लोकांची लाडकी होती, पण लाकूड कुजल्यामुळे 2015 मध्ये ती काढावी लागली. म्हणजे संस्था पाठीशी असलेल्या वाटेवरही लाकूड तीसेक वर्षंच टिकलं. छोट्या वाटेला तर वालीच नसतो.

दुसरं कारण झाडांचे रोग. फायटॉफ्थोरा रॅमोरम हा रोग 2010 मध्ये वेल्समधल्या लार्च या सूचिपर्णी झाडांवर सापडला आणि डोंगरच्या डोंगर तोडावे लागले. दक्षिण वेल्समधल्या कुमकार्नचा अकरा किलोमीटरचा जंगलरस्ता याच कारणाने 2014 च्या अखेरीला गाड्यांसाठी बंद झाला. दीड लाखाच्या आसपास झाडं काढली गेली आणि रस्ता पुन्हा उघडला तो 2021 मध्ये. असं तोडकाम शिल्पवाटेवर आलं की अवजड यंत्रं पायवाटेवरूनच जातात, खांब उखडतात, शिल्पं बाजूला सरकवली जातात आणि काम संपल्यावर ती मूळ जागी परत येतातच असं नाही. त्यामुळे गोष्टीचा क्रम आणि वाटेचा क्रम जुळला नाही तर गोंधळून जाऊ नका.

वाट किती जुनी, याची एक सोपी खूण फलकावरच असते. 1 एप्रिल 2013 ला वेल्सचं वनखातं इतर दोन संस्थांत मिळून ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ झालं. फलकावर अजून जुन्या ‘फॉरेस्ट्री कमिशन’चं नाव असेल तर तो 2013 च्या आधीचा. तेव्हापासून कोणी फलक बदललेला नाही, हेही त्यातून कळतं, आणि मग पूल-पायऱ्यांवरही तेवढाच विश्वास ठेवायचा.

निघण्याआधी

आधी गोष्टी वाचा, हे टाळू नका. माबिनोगीच्या मुख्य कथा चार, त्यांना ‘शाखा’ म्हणतात. एक-दोन संध्याकाळींत वाचून होतात. त्या दोन हस्तलिखितांत टिकल्या: चौदाव्या शतकाच्या मध्यातलं, अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं ‘श्वेत पुस्तक’ आणि 1382 नंतर लिहिलं गेलेलं, ऑक्सफर्डमधलं ‘लाल पुस्तक’. चार शाखांव्यतिरिक्त कीलहुख आणि ओल्वेनची कथा वाचा, कारण शिल्पकारांना सर्वांत जास्त प्राणी तिथेच मिळतात. तालिएसिनची गोष्ट या दोन हस्तलिखितांत नाही. ती लेडी शार्लट गेस्टने 1838 ते 1849 दरम्यान प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरात घातली आणि तेव्हापासून वाटांवरही आली. वेळ कमी असेल तर दुसरी आणि चौथी शाखा आधी वाचा.

मग नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हेचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्या, 1:25,000 प्रमाणाचा, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या सार्वजनिक वाटा, नारिंगी तुटक रेषा म्हणजे जमीनमालकाच्या परवानगीच्या. शिल्पवाट बहुतेक वेळा यांपैकी कशातच नसते. ती जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून आणि नकाशात न दाखवलेल्या पायवाटांवरून जाते. म्हणून तिचं जुनं पत्रक कुठे सापडलं तर त्यातला आराखडा नकाशावर पेन्सिलीने उतरवून घ्या. वाट नाहीशी झाली तर बाहेर पडायला सर्वांत जवळची हिरवी रेषा कोणती, तेही आधीच ठरवा.

पोस्टकोडवर विसंबू नका. ग्रामीण वेल्समध्ये एका पोस्टकोडात अनेक शेतं आणि अख्खी दरी येते. गाडीतला नकाशा तुम्हाला भलत्याच शेताच्या फाटकाशी नेऊन सोडेल. ग्रिड रेफरन्स वापरा. दोन अक्षरं आणि सहा आकडे म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ आकडे म्हणजे दहा मीटरचा.

ऋतू: फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा सर्वांत चांगला काळ. नेचे वाळून आडवे झालेले असतात, काटे खाली बसलेले, फांद्यांवर पानं नाहीत, त्यामुळे वाटेपासून वीस मीटर आत सरकलेलं शिल्पही दिसतं. जुलैत तेच नेचे खांद्यापर्यंत येतात आणि त्यांत गोचीडही असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अळंबी सुंदर असते, पण पानांच्या थराखाली तुटकी पायरी दिसत नाही. डिसेंबरात कार्डिफला सूर्य चारच्या सुमारास मावळतो, आणि दाट स्प्रूसखाली त्याच्या अर्धा तास आधीच काळोख होतो.

वेळेचा हिशोब: साध्या वाटेवर ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा, हा जुना नियम. दुर्लक्षित वाटेवर त्याची दुप्पट धरा, आणि प्रत्येक शिल्पापाशी दहा मिनिटं. तीन किलोमीटरची, दहा शिल्पांची फेरी तीन तास सहज खाते. नकाशावर बोटभर दिसते म्हणून जेवून साडेतीनला निघणारे लोक टॉर्चच्या उजेडात परततात.

पिशवीत काय

घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट. वेलिंग्टन बूट चिखलाला बरे, पण ओल्या लाकडी फळ्यांवर घसरतात. कापड जाड असलेली लांब पँट, पायमोजे पँटवर ओढून. पावसाचा कोट आकाश निरभ्र असलं तरी, कारण कार्डिफला वर्षाला साधारण 1150 मिलिमीटर पाऊस पडतो आणि स्नोडोनियाच्या उंच भागांत 3000 च्या वर. पूर्ण चार्ज केलेला फोन, कागदी नकाशा, शिटी. एक छोटा पण प्रखर टॉर्च दिवसासुद्धा घ्या. तो कशाला, ते पुढे येईल. तीस सेंटिमीटरची पट्टी, वही, पेन्सिल (पावसात पेन चालत नाही), गोचीड काढायचा बारीक चिमटा, जाड हातमोजे. झाडं छाटायची कात्री नको. मार्चपासून ऑगस्टपर्यंत झुडपांत पक्ष्यांची घरटी असतात, आणि जागा दुसऱ्याची आहे.

आपत्कालीन संदेशाची सोय घरीच करून ठेवा: फोनवरून 999 ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा शब्द पाठवला की नोंदणीचं उत्तर येतं, त्याला ‘येस’ म्हणायचं. दरीत बोलण्याइतकी रेंज नसली तरी संदेश कधी कधी जातो. फोन लागला तर आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू.

खूण हरवली की

जंगलातल्या फेऱ्यांना रंगीत पट्ट्याचे खांब असतात. सार्वजनिक पायवाटेचा बाण पिवळा, घोडेवाटेचा निळा. हे दोन शिल्पवाटेचे नव्हेत, त्यांच्यामागे गेलात तर भलत्याच गावात निघाल. खांब दिसेनासा झाला की पुढे रेटू नका. शेवटच्या खात्रीच्या खुणेपाशी परत जा आणि तिथून प्रत्येक शक्य दिशेला पन्नास मीटर जाऊन या. मागे वळूनही बघा, कारण काही खांबांवर फक्त उलट्या दिशेची पट्टी शिल्लक असते.

खांब कुजला तरी वाटेचा सांगाडा राहतो. पायाखाली माती दबते की खडी कुरकुरते, ते बघा; बांधलेल्या वाटेखाली दगडाचा थर असतो आणि त्यावर शेवाळ आलं तरी बूट रुतत नाही. कडेला लाकडी पट्टीचे तुकडे, चौकोनी खड्डा, एकटंच पडलेलं बाक, जंगलात अकारण सपाट केलेली दोन मीटरची जागा: यांतलं काहीही दिसलं तर तिथे शिल्प होतं किंवा आहे. शिल्पकार जागा निवडतात तीही ठरावीक पद्धतीने. ओढ्यावरचा पूल, वाटेचं वळण, दोन वाटांचा तिठा, दरी दिसणारी उघडी कड. कोरा वाटणारा तिठा दहा मीटरच्या घेरात फिरून बघितल्याशिवाय सोडू नका.

पाट्या वेल्श आणि इंग्रजी दोन्हींत असतात, पण फुटक्या पाटीची नेमकी इंग्रजी बाजू गेलेली असते. तेव्हा एवढे शब्द कामाला येतात: ‘पेरिगल’ म्हणजे धोका, ‘आर गाइ’ म्हणजे बंद, ‘दिम मनेदयाद’ म्हणजे प्रवेश नाही, ‘ह्लुइबर’ म्हणजे वाट. नकाशावर ‘कोइद’ जंगल, ‘नांत’ ओढा, ‘ह्लिन’ तळं, ‘बेद’ थडगं. तोडकामाची बंदी असेल तर ती रविवारीही पाळायची. यंत्रं थांबलेली असली तरी अर्धवट कापलेली झाडं आणि रचलेले ओंडके उभेच असतात, आणि ओंडक्यांच्या राशीवर चढणं हा या जंगलांतला सर्वांत मूर्ख अपघात आहे.

पायाखाली आणि डोक्यावर

लाकडी फळ्यांच्या वाटेवर मधोमध चालू नका. फळीवर स्क्रूच्या डोक्यांची ओळ दिसते, तिच्या खाली आडवी तुळई असते. पाय त्या ओळीवर टाका. फळ्यांवर ठोकलेली कोंबडजाळी गंजून वर आलेली असते, तीत बूट अडकतो. मातीच्या पायऱ्यांना पुढे लाकडी दांडा असतो, तो कुजला की मागची माती वाहून जाते आणि वर नुसतं पानांचं छप्पर राहतं. काठीने ठोकून मगच वजन द्या. कठड्याला टेकू नका.

डोक्यावरचा धोका मोठा आहे. अ‍ॅशच्या झाडांना मर लावणारी बुरशी 2012 पासून वेल्समध्ये आहे आणि अशा झाडाच्या फांद्या वाऱ्याशिवायही तुटतात. हिवाळ्यात अ‍ॅश ओळखायचा तर समोरासमोर आलेल्या, काजळीसारख्या काळ्या कळ्या बघा. उन्हाळ्यात शेंडा उघडा आणि पानं फक्त खोडाला चिकटून आली असतील तर त्याखाली डबा उघडून बसू नका. हवामान खात्याने वाऱ्याचा पिवळा इशारा दिला असेल तर त्या दिवशी संग्रहालयात जा.

आधी लाकूड वाचा

शिल्पापाशी आलात की चेहऱ्याकडे बघण्याआधी बुंध्याकडे बघा. ते दोन प्रकारचं असतं: जागेवरच्या मेलेल्या झाडाच्या खुंटावर कोरलेलं, किंवा बाहेर कोरून आणून रोवलेलं. खुंटाला मुळं असतात, तो पाडलेला किंवा हलवलेला असू शकत नाही, म्हणून गोष्टीतली त्याची जागा पक्की समजा. रोवलेलं शिल्प कुठूनही आलेलं असू शकतं.

लाकडाची जात कळली तर शिल्पाची अवस्था समजते. ओक आणि स्वीट चेस्टनटचा आतला गडद गाभा टिकाऊ, लार्च मध्यम, आणि बीच, सिकॅमोर, अ‍ॅश उघड्यावर काही वर्षांचेच सोबती. ओकमध्येही सालीलगतचा फिकट थर लवकर जातो. परिणाम असा की दहा वर्षांनी शिल्प सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटरने बारीक होतं, नाक-कान-बोटं गळतात, पण मोठे घाट कायम राहतात. बीचचं उलटं: बाहेरून बरा दिसतो आणि आत पोकळ झालेला असतो. बोटाच्या पेराने हलकेच ठोका, भरीव लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. जमिनीच्या रेषेवर सर्वांत जास्त कुजतं, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. काँक्रीटच्या कड्यात रोवलेलं असेल तर आणखी वाईट, कड्यात पाणी साचतं. लाकूड चौकोनी ठोकळ्यांत तडकून तपकिरी झालं असेल किंवा बुंध्याशी फळीसारखी बुरशी आली असेल तर ते शिल्प कधीही पडेल. मुलांना वर चढवून फोटो काढू नका.

पाणी कुठे साचतं तेही बघा: मांडी, खांद्यांमधली खाच, डोक्याचा सपाट माथा. लाकडाच्या उभ्या दोऱ्यांची (तंतूंची) आडवी कापलेली टोकं पाणी शोषतात, म्हणून उभ्या ओंडक्यातल्या शिल्पाचं डोकं आधी जातं.

आता टॉर्च काढा. झाडाच्या सावलीत समोरून प्रकाश टाकला तर सगळं सपाट हिरवं दिसतं. टॉर्च शिल्पाच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा आणि हळूहळू खालून वर न्या. पिसांच्या रेषा, डोळ्याची खोबण, कोरलेली अक्षरं सावलीने उठून येतात. शेवाळ खरवडायची गरज पडत नाही. ब्रश, चाकू, खडू यांतलं काही वापरू नका. मऊ झालेलं लाकूड शेवाळासकट निघून येतं आणि तुम्हाला हवी असलेली रेषाही त्यासोबत जाते.

मग पात्र ओळखा

शेंदराचे थर चढलेल्या मूर्तीत वाहन आणि हातातली वस्तू पाहून आपण देव ओळखतो, तीच पद्धत इथे चालते. चेहरा शोधत बसू नका. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची: एका शिल्पावरून निर्णय देऊ नका, शेजारची दोन बघा. माबिनोगीत तेच प्राणी पुन्हा पुन्हा येतात.

घुबडाचं उदाहरण घ्या. चौथ्या शाखेत माथ आणि ग्विद्योन हे जादूगार ओक, ब्रूम आणि मेडोस्वीटच्या फुलांपासून ह्लाइसाठी बायको घडवतात, ती ब्लोदाइवेद. ती ग्रोनू पेबरच्या प्रेमात पडते, दोघं मिळून नवऱ्याचा घात करायला बघतात आणि शिक्षा म्हणून तिचं घुबड होतं. पण कीलहुखच्या कथेत कुम काउल्विदचं घुबड वेगळंच आहे, जगातल्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक. घुबडाच्या छातीवर किंवा बैठकीवर पाकळ्या असतील, आसपास भाला, बोकड किंवा भोक पडलेला दगड असेल तर ती ब्लोदाइवेद. शेजारी काळा पक्षी, सांबरासारखा मोठा नर, गरुड आणि मासा असेल तर जुने प्राणी. त्यांचा क्रम ठरलेला आहे: किल्ग्रीचा ब्लॅकबर्ड (त्याने चोच घासून घासून लोहाराची ऐरण सुपारीएवढीही उरली नाही), ह्रेदनव्ह्रेचा हरीण, घुबड, ग्वेर्नाब्वीचा गरुड, आणि शेवटी ह्लिन ह्लीउचा सॅमन मासा, जो आर्थर राजाच्या दोन माणसांना खांद्यावर बसवून ते शोधत असलेल्या, कैदेतल्या माबोनपर्यंत नेतो. पाचांपैकी तीन सापडले की उरलेले दोन कुठे असायला हवेत हे मोजून काढता येतं.

गरुडाचंही तसंच. ह्लाइवर भाला बसतो तो नदीकाठी, एक पाय न्हाणीच्या टबाच्या कडेवर आणि दुसरा बोकडाच्या पाठीवर असताना. तो गरुड होऊन उडून जातो. ग्विद्योन एका डुकरिणीच्या मागे जाऊन त्याला शोधतो. गरुड ओकच्या शेंड्यावर बसलेला असतो, अंगातून मांस आणि किडे गळत असतात आणि डुकरीण ते खात असते. ग्विद्योन तीन कडवी म्हणतो, गरुड एकेक पायरी खाली येतो. म्हणून खाली डुकरीण असलेला गरुड म्हणजे ह्लाइ. हा प्रसंग शिल्पकार उभ्या झाडावर करतात, तेव्हा मान वर करून बघायला विसरू नका.

रानडुक्कर एकटा आणि दोन कानांमध्ये कंगवा-कात्री असेल तर तो तुर्ख त्रुइथ. कानांच्या मधली ती उंच गाठ केसांचा झुबका समजून लोक पुढे जातात. जवळ कारंजं आणि वाडगा असेल तर तिसऱ्या शाखेतला पांढरा डुक्कर, ज्याच्या मागे जाऊन प्रदेरीचे हात सोन्याच्या वाडग्याला चिकटतात. हरीण, डुक्कर आणि लांडगा असे तीन एकत्र दिसले तर ती ग्विद्योन आणि त्याच्या भावाला झालेली तीन वर्षांची शिक्षा.

कढई दोन. एकीतून मेलेले सैनिक जिवंत उठतात, पण मुके. ही दुसऱ्या शाखेतल्या राजा ब्रानची, आणि त्याचा सावत्र भाऊ एव्हनिश्येन तिच्यात आडवा होऊन अंग ताणून ती फोडतो, म्हणून शिल्पात ती तडकलेली असते. तड शिल्पकाराने दिलेली आहे की लाकडाने, ते कडांवरून ठरवा: कोरलेल्या तडीच्या कडा गोल असतात, वाळल्याने पडलेली चीर दोऱ्यांच्या दिशेने सरळ जाते. दुसरी कढई केरिदवेनची, तालिएसिनच्या गोष्टीतली. जवळ ससा, मासा, कोंबडी किंवा धान्याचा दाणा शोधा.

ब्रान राक्षसी आकाराचा. कधी नुसतं डोकं दिसतं, कारण गोष्टीत त्याचं कापलेलं डोकं सात वर्षं हारलेखला आणि ऐंशी वर्षं ग्वालेस बेटावर सोबत्यांशी गप्पा मारतं. कधी तो ओढ्यावर आडवा पडून पूल झालेला असतो. पुलाला डोळे आहेत का ते खाली वाकून बघा. हारलेखच्या किल्ल्यापाशी आयवर रॉबर्ट्स-जोन्स यांचा 1984 चा ब्राँझचा पुतळा आहे, त्यात घोड्यावरचा ब्रान मेलेल्या भाच्याला घेऊन चाललाय. तो आधी पाहिला तर बाकीचे ब्रान पटकन ओळखू येतात. कणीक मळायच्या काठवटीच्या कडेवर छोटा पक्षी असेल तर ती ब्रानवेनची मैना. आयर्लंडात स्वयंपाकघरात राबवली गेलेली ब्रानची बहीण ब्रानवेन तिला तीन वर्षं शिकवून तिच्या पंखाला भावासाठी पत्र बांधते. तीन पक्षी एकत्र म्हणजे ह्रिआनोनचे.

ह्रिआनोन ही पहिल्या शाखेतली राणी, तिची खूण फिकट घोडा. घोड्याजवळचा चौकोनी ठोकळा बसायचं बाक समजू नका; घोड्यावर चढायचा तो दगड आहे. मुलाला मारल्याच्या खोट्या आरोपावरून तिला सात वर्षं तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपली गोष्ट सांगावी लागते आणि पाठीवरून वाहून न्यायची तयारी दाखवावी लागते. तांबड्या कानांचे पांढरे कुत्रे आराउनचे, आन्नुन या दुसऱ्या जगातले. रंग बहुतेक उडालेला असतो, पण कानाच्या आतल्या खोलगट भागात तो टिकतो, तिथे टॉर्च टाका.

बारीक अवयव आधी नाहीसे होतात, पण भोकं राहतात. डोक्यावर दोन गोल भोकं म्हणजे शिंगं वेगळी बसवली होती. मुठीत आरपार भोक म्हणजे भाला किंवा जादूची काठी. जमिनीत एकमेकांसमोर दोन खुंट आणि मध्ये हातभर जागा दिसली तर तो मानाउअदानने उंदराला फाशी द्यायला उभारलेला फास असू शकतो. दोन दुबेळकी काठ्या आणि वर आडवी. तो सर्वांत जास्त चुकवला जातो.

एखाद्या शिल्पावर खरी अळंबी उगवलेली दिसली तर ती तोडू नका. ग्विद्योनने प्रदेरीकडून डुकरं मिळवायला बारा घोडे आणि बारा शिकारी कुत्रे जादूने उभे केले, बारा ढाली तर अळंबीपासूनच बनवल्या, आणि ती जादू एका दिवसात उतरली.

मुलं सोबत असतील तर जुने प्राणी आणि तालिएसिन आधी सांगा. दुसऱ्या शाखेत मुलाला आगीत फेकतात. ते कोणत्या वयाला सांगायचं, तुमचं तुम्ही ठरवा.

नोंद आणि कळवणं

प्रत्येक शिल्पाचे चार बाजूंनी चार फोटो, एक पट्टी लावून, एक बुंध्याचा, एक दहा पावलं मागून आजूबाजूसह. आठ आकडी ग्रिड रेफरन्स लिहा. दाट झाडीत फोनचा जीपीएस भरकटतो, म्हणून मिनिटभर थांबून मग वाचा आणि शेजारचा ओढा किंवा तिठाही लिहा. लाकडाची जात, कुजण्याची जागा, सापडलेली भोकं, तुमचा अंदाज कोणता आणि कशावरून, हे वेगवेगळं ठेवा. अंदाज चुकला तरी नोंद उपयोगाची राहते.

जंगल कोणाचं हे फलकावर असतं: नॅचरल रिसोर्सेस वेल्स, कोइद कादू (वुडलँड ट्रस्टचं वेल्समधलं नाव) किंवा स्थानिक काउन्सिल. सार्वजनिक पायवाटेवरचा मोडका पूल काउन्सिलच्या हक्कवाट विभागाला कळवायचा. पत्रात ‘वाटेची दुर्दशा झाली आहे’ असं लिहून काही होत नाही. ‘या ग्रिडवर, पुलाची उजवी तुळई मधोमध तुटलेली, फोटो सोबत’ असं लिहा. गावच्या कम्युनिटी काउन्सिललाही प्रत पाठवा. जुनी पत्रकं आणि शिल्पकाराचं नाव बहुधा तिथेच कोणाकडे तरी असतं.

स्वतः दुरुस्ती करू नका. जवसाच्या तेलावर काळी बुरशी वाढते, रंगाखाली ओल अडकते, भेगेत भरलेलं सिमेंट पाणी धरून ठेवतं आणि आजूबाजूचं लाकूड आधीपेक्षा लवकर जातं. साधा लोखंडी खिळाही ओकमधल्या टॅनिनशी मिळून काळा डाग पाडतो. नवस म्हणून ओंडक्यात नाणी ठोकायची पद्धत पोर्टमेरिअनला दिसते, शिल्पांवर ती नको. प्रत्येक नाण्यामागून पाणी आत जातं.

लाकूड उरलंच नसेल तर

चौथ्या शाखेची वाट पूर्ण कुजलेली निघाली तर ग्विनेदमध्ये ह्लान फेस्टिनिऑगजवळच्या कनवाल खोऱ्यात जा. घळीत ओकचं जुनं ओलं रान आणि धबधबा आहे. खोऱ्यातल्या शेतजमिनीवर ह्लेख रोनू नावाचा भोक पडलेला दगड आहे. ग्रोनू त्याच्या आड लपला आणि ह्लाइचा भाला दगडातून आरपार गेला, असं सांगतात. ट्राउसव्हनिदजवळचा तोमेन अ मीर हा रोमन छावणीवर उभा राहिलेला नॉर्मन टेकाड, म्हणजे ह्लाइ आणि ब्लोदाइवेदचं घर. डोंगरावरच्या ह्लिन मोर्विनिऑन तळ्यात तिच्या दासी मागे बघत पळताना बुडाल्या. दगडापाशी जाताना फक्त नकाशावरच्या हिरव्या रेषेने जा, फाटकं जशी होती तशी ठेवा, आणि मार्च ते मे या काळात मेंढ्यांची कोकरं असतात म्हणून कुत्रा दोरीला. घळीतली दगडी वाट पावसानंतर साबणासारखी होते.

परतल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटांचा चिखल ब्रशने काढा, घरी पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. लार्चच्या रोगाचे बीजाणू चिखलातून एका जंगलातून दुसऱ्यात जातात. आठवड्यात दोन जंगलं करणार असाल तर हे काम मधल्या दिवसावर टाकू नका.

त्याच संध्याकाळी अंग तपासा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत आणि कानांमागे. पिल्लू गोचीड खसखशीएवढा असतो. चिमटा कातडीला टेकवून गोचीड तोंडाशी पकडा आणि पिळ न देता सरळ वर ओढा. व्हॅसलिन, तेल, काडीचा चटका यांतलं काही नको. जागा साबणाने धुवा, तारीख आणि जंगलाचं नाव वहीत लिहा. पसरत जाणारा लाल चट्टा बहुधा एक ते चार आठवड्यांत उठतो, पण तीन महिन्यांपर्यंतही येऊ शकतो; आला किंवा तापासारखं वाटलं तर डॉक्टरला ती तारीख दाखवा.